स्किम ऑफ, सायफन ऑफ, रेक-ऑफ, किकबॅक… सगळ्यांना ‘अपहार’च म्हणायचं का?

तर्जुमा

नमस्कार मंडळी,

एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं इंग्रजीतून मराठी करतेय. विषय आहे संस्थांमधली पैशांची अफरातफर आणि ती कशी पकडायची. वाचणार कोण, तर रोखपाल, हिशेबनीस आणि तपासणी विभागात नव्याने लागलेली मंडळी. लेखकाची भाषा एरवी सरळ आहे, पण चोरीच्या क्रियापदांवर त्याचा भारी जीव. दर परिच्छेदाला नवं.

नमुने देते. एक, ‘द मॅनेजर हॅड बीन स्किमिंग कॅश ऑफ द टॉप.’ दुसरं, ‘ओव्हर फोर यर्स, फंड्स वेअर सायफन्ड ऑफ इन्टू अ शेल कंपनी.’ मग ‘द सप्लायर किक्ड बॅक टेन पर्सेंट टु द परचेस ऑफिसर.’ पुढे ‘एव्हरीवन अलाँग द लाइन टुक अ रेक-ऑफ.’ एका ठिकाणी निरीक्षकाने व्यापाऱ्यांना ‘शेक डाउन’ केलंय आणि शेवटच्या प्रकरणात वारसदार आपल्या वाट्यातून ‘डन आउट ऑफ’ झालेत.

संपादकांचं म्हणणं, “अर्थ एकच ना? सगळीकडे ‘अपहार केला’ घाला आणि पुढे चला.” मला ते पटत नाहीये. कारण पुस्तकात प्रत्येक क्रियापदानंतर लगेच ‘हे कसं शोधायचं’ असा मजकूर येतो आणि तो दर वेळी वेगळा आहे. क्रियापद पुसलं तर पुढचा परिच्छेद अधांतरी राहतो. उलट मी ‘डल्ला मारला’, ‘मलिदा लाटला’ असं लिहून पाहिलं, तर पुस्तिकेऐवजी अग्रलेख वाचल्यासारखं वाटायला लागलं.

तेव्हा विचारते: या शब्दांत खरंच फरक आहे, की इंग्रजीवाले नुसते शब्द बदलून बदलून लिहितात? आणि प्रत्येक वेळी गुन्हाच झालेला असतो का?

---

रोजकीर्द

तर्जुमाताई, संपादकांना माझा नमस्कार सांगा आणि तो ‘अपहार’ त्यांच्याकडेच ठेवायला सांगा.

माझी सगळी नोकरी अंतर्गत लेखापरीक्षणात गेली. अहवाल इंग्रजीतूनच लिहायचे. ‘स्किम्ड’ लिहिलं की वरचे साहेब एक कागद मागवायचे आणि ‘सायफन्ड’ लिहिलं की दुसराच. आपल्याकडे पैसे ‘खाल्ले’ म्हटलं की काम भागतं. कधी खाल्ले, कुठल्या टप्प्यावर खाल्ले, याची ‘खाणे’ला फिकीर नाही. या इंग्रजी शब्दांना मात्र एक प्रश्न विचारत चला: हात पडला तेव्हा पैसा कुठे होता?

स्किम ऑफ म्हणजे पैसा अजून वहीत चढलेलाच नाही. दारातून आत आला आणि नोंद व्हायच्या आत त्यातला थोडा वरच्यावर निघून गेला. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स ही संस्था १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली. तिच्या वर्गवारीत हा भेद अगदी काटेकोर आहे. नोंदीआधी उचललं तर ‘स्किमिंग’, नोंदीनंतर उचललं तर ‘कॅश लार्सनी’. दुसऱ्या प्रकारात वही आणि गल्ला जुळत नाहीत, म्हणून चोर आज ना उद्या सापडतो. पहिल्यात वही आणि गल्ला पैशापैशाने जुळतात. खोटं काही लिहिलेलंच नसतं, खरं लिहायचं तेवढं राहून गेलेलं असतं.

एका वाहनतळाची तपासणी माझ्याकडे आली होती. पावत्या क्रमवार, रोकड चोख, रजिस्टरवर खाडाखोड नाही. अशा वेळी वही बाजूला ठेवायची आणि वहीबाहेर काय मोजलं गेलंय ते शोधायचं. तिथल्या आडव्या दांड्याच्या यंत्रात, देखभालीसाठी म्हणून, दांडा किती वेळा वर गेला याची नोंद करणारा छोटा गणक होता. त्याचे आकडे पावत्यांशेजारी मांडले. दिवसा तंतोतंत मेळ, आणि संध्याकाळच्या पाळीत दांडा पावत्यांपेक्षा भरपूर जास्त उचललेला. केबिनमधल्या खुर्चीच्या गादीखाली दुसरं पावतीपुस्तक निघालं, छपाई अगदी अस्सलसारखी. याला म्हणतात स्किमिंग. ‘अपहार’ लिहून यातलं काय कळणार?

जगातलं याचं गाजलेलं उदाहरण लास व्हेगासच्या कसिनोंचं. १९७०च्या दशकात तिथल्या स्टारडस्टमध्ये नाण्यांच्या यंत्रांतून इतकी नाणी जमायची की ती मोजायचे नाहीत, तोलायचे. काट्यातच फेरफार करून ठेवला होता, तो वजन कमी दाखवायचा. म्हणजे उरलेली नाणी हिशेबात जन्मालाच आली नाहीत. १९७६ मध्ये नेव्हाडाच्या गेमिंग कंट्रोल बोर्डाने धाड घातली तेव्हा बिंग फुटलं. पुढे कॅन्सस सिटीच्या न्यायालयात गुन्हेगारी टोळ्यांच्या म्होरक्यांना शिक्षा झाल्या. त्या जगात या पैशाला नावच आहे, ‘द स्किम’.

एक सावधगिरी. ‘स्किम’ दिसलं की आपल्याला चटकन ‘मलई’ सुचते, दोन्ही दुधावरचंच म्हणून. पण मराठीत मलई म्हणजे मोठा, मोक्याचा, सगळ्यांना हवासा वाटणारा भाग. ‘स्किम’चा जोर पातळपणावर आहे. इतका पातळ थर काढायचा की खालचं दूध तेवढंच दिसावं. म्हणून ‘मलिदा लाटला’ इथे उलटा अर्थ देतो.

सायफन ऑफमध्ये पैसा रीतसर खात्यात आलेला आहे, नोंदही आहे. तो तिथून नळीने दुसरीकडे जातोय. सायफनचं तत्त्व शाळेत शिकलो होतो: नळी एकदा भरून दुसरं टोक खाली ठेवलं की पंपाची गरज नाही, आपोआप वाहत राहतं. शब्दाचा गाभा तोच. एकदा बनावट कंपनी काढली, दरमहा ‘सल्लागार शुल्क’ असं बिल लावून दिलं, की पुढे कुणाला रोज हात घालावा लागत नाही. म्हणून या क्रियापदाला दोन टोकं लागतात, ‘फ्रॉम’ अमुक आणि ‘इन्टू’ तमुक. दुसरं टोक सांगितलं नसेल तर वाचणारा विचारणारच, गेला कुठे? शोधायचं तेही टोकच. पुरवठादाराचा पत्ता, खातेक्रमांक, फोन, आणि यातलं काही आपल्याच एखाद्या कर्मचाऱ्याशी जुळतंय का. मलेशियाच्या वनएमडीबी या सरकारी निधीच्या प्रकरणात अमेरिकेच्या न्याय खात्याने दावा केला की २००९ ते २०१५ या काळात साडेचार अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वळवली गेली. त्यातले ७० कोटी डॉलर तर २००९ मध्येच गुड स्टार नावाच्या कंपनीच्या खात्यात गेले. त्या प्रकरणाच्या इंग्रजी बातम्यांत हेच क्रियापद सतत दिसतं, कारण तिथे खात्यांची माळच होती. मराठीत ‘परस्पर वळवणे’ छान बसतं. ‘परस्पर’ सोडू नका, नुसतं ‘वळवणे’ सरकारी आदेशातही असतं.

किक बॅक सर्वांत चलाख. इथे पैसा चोरीला जातच नाही. तो मंजुरीने, सहीने, धनादेशाने बाहेर जातो आणि त्यातला भाग मागल्या दाराने मंजुरी देणाऱ्याकडे परत येतो. ‘बॅक’ म्हणजे तोच परतीचा प्रवास. गंमत म्हणजे अमेरिकेत या शब्दावरून ओळखला जाणारा जुना कायदा लाचखोर साहेबांसाठी नव्हता, मजुरांसाठी होता. १९३४ चा कोपलंड अँटी-किकबॅक कायदा. महामंदीचे दिवस. सरकारी पैशातल्या बांधकामांवर मजुराला ठरलेला पूर्ण रोज मिळायचा, कागदावर तसा दिसायचा, आणि कामावर राहायचं असेल तर त्यातला काही भाग त्याला परत द्यावा लागायचा. वही स्वच्छ, मजूर उपाशी.

पुढे शब्दाची दिशा वरच्या लोकांकडे वळली. अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांना १० ऑक्टोबर १९७३ रोजी पद सोडावं लागलं. मेरीलंडमध्ये सत्तेवर असताना कंत्राटदारांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण होतं. सगळीकडे ‘किकबॅक्स’ हाच शब्द, पण न्यायालयात त्यांना शिक्षा झाली ती प्राप्तिकर चुकवल्याच्या आरोपावरून, आणि तो आरोप त्यांनी लढवला नाही. दंड १०,००० डॉलर आणि तीन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी सशर्त मोकळीक.

किकबॅक शोधताना बिलात चूक हुडकायला जाऊ नका, बिल बरोबरच असतं. दर बघायचा. तोच पुरवठादार, तोच माल, बाजारापेक्षा चढा भाव आणि निविदेत हरणारे दर वेळी तेच तिघे, असं दिसलं की समजावं.

रेक-ऑफ सोपं आहे. जुगाराच्या टेबलावर पैसे ओढायला लहान दाताळं असतं, ते रेक. पोकरमध्ये प्रत्येक डावातून अड्डा चालवणारा आपला हिस्सा काढतो, त्यालाही रेकच म्हणतात, आणि परवान्याच्या जागी तो पूर्ण कायदेशीर असतो. म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला, ठरलेल्या प्रमाणातला वाटा. मराठीत ‘टक्केवारी’. याहून चांगला शब्द शोधायला जाऊ नका.

---

धडा तिसरा

रोजकीर्द काकांनी हिशेबाची बाजू मांडली, मी व्याकरणाची मांडते. वर्गात मुलं हमखास अडखळतात ती जागा अशी: कर्म कोण, पैसा की माणूस?

‘ऑफ’वाल्या बहुतेक क्रियापदांत कर्म पैसा असतं. स्किम ऑफ द कॅश, सायफन ऑफ द फंड्स. ज्याचे गेले तो माणूस वाक्यात नसला तरी चालतो. ‘आउट ऑफ’ आलं की उलट. डू समबडी आउट ऑफ समथिंग. चीट, कॉन, ट्रिक, स्विंडल, सगळ्यांना ‘आउट ऑफ’ लावता येतं आणि कर्माच्या जागी नाडलेला माणूस बसतो. मराठीत याला तंतोतंत जुळणारी रचना आहे: ‘त्याला दहा हजारांचा गंडा घातला.’ माणसाला ‘ला’, रकमेला ‘चा’. त्यामुळे तुमचे वारसदार कर्त्याच्या जागी दिसत असले तरी ते वाक्य कर्मणी आहे, फसवणारा पडद्याआड आहे.

‘रिप ऑफ’ला दोन्ही चालतात. गिऱ्हाईकालाही रिप ऑफ करता येतं, कल्पनाही रिप ऑफ करता येते. तिथे बहुधा चोरीपेक्षा अवाच्या सवा भाव लावणं असतं, आपण ‘कापलं’ म्हणतो तसं.

सर्वनाम मध्येच बसतं: ‘स्किम इट ऑफ’. ‘स्किम ऑफ इट’ म्हटलं की संपलंच.

आणि क्रियापदापुढचा ‘ऑफ’, ‘इन’सारखा शब्द बदलला की माणूस सज्जन होतो, हेही लक्षात ठेवा. ‘रेक इन’ म्हणजे भरभरून कमावणं, प्रामाणिकपणेसुद्धा. ‘किक इन’ म्हणजे वर्गणी देणं. नुसतं ‘किक बॅक’, पुढे कर्म नाही, तर पाय पसरून निवांत बसणं. माफियाच्या बोलीत ‘किक अप’ म्हणजे खालच्याने वरच्या म्होरक्याला वाटा पोचवणं. एका भाषांतरात ‘शेकडाउन क्रूझ’ला ‘खंडणीची सफर’ केलेलं मी स्वतः वाचलंय. नव्या जहाजाची चाचणी-फेरी होती हो ती.

---

बिनव्याजी

एवढा कीस काढायची गरज आहे का? इंग्रजी वर्तमानपत्रं सर्रास काहीही ‘सायफन्ड ऑफ’ लिहितात. गल्ल्यातून नोटा उचलल्या तरी सायफन, कर्ज बुडवलं तरी सायफन. न्यायालयात यातला एकही शब्द चालत नाही. मग संपादकांचं काय चुकलं?

---

तर्जुमा

बिनव्याजी, वर्तमानपत्र असतं तर मीही सोडून दिलं असतं. पुस्तिकेत पुढच्या ओळीला ‘बनावट पुरवठादार शोधा’ असं येतं, अडचण तिथे आहे.

काका, धडाताई, खूप खूप आभार. दोन शंका उरल्यात. ‘शेक डाउन’ आणि लाच यांत सीमारेषा कुठे? पुस्तकात निरीक्षकाच्या गोष्टीनंतर लगेच ‘पे ऑफ’ आणि ‘बाय ऑफ’ही येतात. आणि ‘क्रीम ऑफ’ एका ठिकाणी चक्क खाजगी दवाखान्यांबद्दल वापरलंय: सोपे रुग्ण ते ‘क्रीम ऑफ’ करतात. त्यात चोरी कुठली?

---

रोजकीर्द

आधी बिनव्याजींना. वर्तमानपत्रांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, ‘सायफन’ तिथे झिजून गुळगुळीत झालाय. न्यायालयाबद्दलही जवळपास खरं. इंग्लंडचे कायदे बघा: १९६८ चा थेफ्ट अ‍ॅक्ट, २००६ चा फ्रॉड अ‍ॅक्ट, २०१० चा ब्रायबरी अ‍ॅक्ट. चोरी, फसवणूक, लाच, असे कोरडे शब्द. पण ‘किकबॅक’ने अमेरिकेत ही वेस ओलांडली. तिथल्या सरकारी वैद्यकीय योजनांच्या कायद्यात १९७२ पासून ‘किकबॅक’ हा शब्द लाचेच्या शेजारी कलमातच बसलाय. डॉक्टरने रुग्ण अमुक प्रयोगशाळेकडे पाठवायचा आणि प्रयोगशाळेने त्याला वाटा द्यायचा, यासाठी.

आता ताई तुमच्याकडे. शेक डाउनमध्ये पहिलं पाऊल घेणाऱ्याचं असतं आणि त्यामागे धमकी असते, उघड किंवा गर्भित. झाड हलवून फळं पाडावीत तसा माणूस हलवायचा. मराठीत ‘उकळणे’ आहेच, पैसे उकळले. लाचेत दोघांनाही काही मिळतं. शेकडाउनमध्ये देणाऱ्याला फक्त त्रास टळल्याचं समाधान. तपासात याने फार फरक पडतो. लाच देणारा तोंड उघडत नाही, कारण तोही अडकतो. उकळलेला माणूस नीट विश्वासात घेतला तर बोलतो. मी अशा व्यापाऱ्यांशी बोलायचो तेव्हा पहिला प्रश्न ‘किती दिले’ हा कधीच विचारला नाही. ‘नाही दिले तेव्हा काय झालं?’ हे विचारायचं. कुणाचा परवाना रखडलेला असतो, कुणाच्या दारात आठवड्याला तपासणी उभी असते. तारखांसकट सांगतात. त्या तारखा निरीक्षकाच्या भेटवहीशी ताडून बघितल्या की चित्र उभं राहतं.

बाय ऑफला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: फोडणे. साक्षीदार फोडला. आड येणाऱ्याला पैसे देऊन वाटेतून दूर करणं. पे ऑफ त्याच्या जवळचा, पण त्याचे इतर अर्थ इतके निरुपद्रवी आहेत की संदर्भ बघितल्याशिवाय हात लावू नका. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडणं म्हणजे पे ऑफ, कष्टांचं चीज होणं म्हणजेही पे ऑफ. कर्म माणूस असेल आणि तो सावकार किंवा कामावरून काढलेला कर्मचारी नसेल, तर बहुधा ‘तोंड बंद करणे’.

क्रीम ऑफमध्ये तुमची शंका रास्त आहे. हा मुख्यतः ब्रिटिश वापर, आणि त्यात चोरी असेलच असं नाही. सर्वांत चांगला भाग निवडून घ्यायचा, बाकीचा इतरांच्या गळ्यात. चांगल्या शाळा हुशार मुलं क्रीम ऑफ करतात, तसेच हे दवाखाने. वर जी ‘मलई’ मी स्किमपासून दूर ठेवायला सांगितली ती इथे बिनधास्त वापरा. ‘सोप्या रुग्णांची मलई खाजगी दवाखाने काढून घेतात.’ नफा क्रीम ऑफ केला असं असेल तेव्हा मात्र गैरव्यवहाराचा वास असू शकतो. तिथे आधीची दोन वाक्यं वाचा.

न विचारलेलं एक सांगतो, कारण अशा पुस्तिकेत ते येतंच. अमेरिकेत ‘लॅपिंग’ आणि इंग्लंडमध्ये ‘टीमिंग अँड लेडिंग’. वसुली कारकुनाने ‘अ’ गिऱ्हाईकाचे पैसे खिशात घातले. ‘अ’ची थकबाकी दिसू नये म्हणून ‘ब’चे पैसे ‘अ’च्या नावावर जमा केले, ‘ब’साठी ‘क’चे, ‘क’साठी ‘ड’चे. ‘याची टोपी त्याच्या डोक्यावर’ म्हणतो ना आपण, तेच. याची खूण अशी की असा कारकून रजा घेत नाही. तापाने फणफणला तरी टेबलावर हजर, आणि सगळे त्याच्या निष्ठेचं कौतुक करतात. म्हणून कित्येक बँकांत वर्षातून काही दिवस सलग रजा सक्तीची असते. शेजारच्याने टेबल सांभाळलं की साखळी तुटते.

---

टेम्सकाठी

इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या, बोलीतले दोन शब्द माझ्याकडून. ‘ट्राउझर’ हे क्रियापद आहे बरं का! ‘ही ट्राउझर्ड द लॉट’ म्हणजे सगळं खिशात घातलं. वर्तमानपत्रं राजकारण्यांसाठी मिटक्या मारत वापरतात. आणि ‘ग्राफ्ट’ला जपून. अमेरिकेत ती भ्रष्ट कमाई, इथे ‘हार्ड ग्राफ्ट’ म्हणजे घाम गाळणं. शुद्ध कौतुक.

‘क्लिप’चीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चुरा जमवायचा आणि नाणं पूर्ण किमतीला चालवायचं. इंग्लंडमध्ये हा राजद्रोह होता, थेट मृत्युदंड. तरी सतराव्या शतकाच्या अखेरीस नाणी इतकी झिजली-कातरली गेली की १६९६ मध्ये जुनं चांदीचं नाणं परत घेऊन नव्याने पाडावं लागलं. त्याच वर्षी टांकसाळीत वॉर्डन म्हणून रुजू झाले ते आयझॅक न्यूटन. नाण्याच्या कडेवरच्या बारीक रेघा असतात ना, त्या कातरलेलं लगेच दिसावं म्हणून. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात मधल्यांनी आपला हिस्सा काढण्याला आजही ‘क्लिप द टिकेट’ म्हणतात, पण तो वाक्प्रचार तिकीट टोचण्यावरून आलाय. नाण्याशी जोडू नका.

---

तर्जुमा

संपादकांना वरची सगळी चर्चा दाखवली. “बरं, करा तुमच्या मनासारखं, पण वाक्यं लांबवू नका,” एवढी सूट मिळाली. असं केलंय:

व्यवस्थापक गल्ल्यातली रोकड नोंदीआधीच वरच्यावर काढून घेत होता.

चार वर्षांत निधी एका बनावट कंपनीकडे परस्पर वळवला गेला.

पुरवठादाराने दहा टक्के रक्कम खरेदी अधिकाऱ्याला मागल्या दाराने परत केली.

मधल्या प्रत्येकाने आपली टक्केवारी काढली.

निरीक्षकाने व्यापाऱ्यांकडून पैसे उकळले.

वारसांचा वाटा बुडवला.

---

धडा तिसरा

शेवटचं थोडं घसरलंय. वाटा नुसता न देऊनही बुडवता येतो. ‘डन आउट ऑफ’मध्ये काहीतरी लबाडी लागते. ‘वारसांना फसवून त्यांचा वाटा लाटला’ करा. फसवणाऱ्याचं नाव इंग्रजीतही नाही, तेव्हा तो नसला तरी बिघडत नाही.

---

रोजकीर्द

धडाताईंशी सहमत. माझ्याकडून दोन.

दुसऱ्या वाक्यात ‘वळवला गेला’ने एकदाच मोठी रक्कम गेल्यासारखं वाटतं. मूळ वाक्यात ‘ओव्हर फोर यर्स’ आहे, म्हणजे धार चालू होती. ‘चार वर्षं निधी एका बनावट कंपनीच्या खात्यात परस्पर वळवला जात होता.’ ‘कंपनीकडे’ऐवजी ‘कंपनीच्या खात्यात’ हे मुद्दाम, कारण पुढे वाचणाऱ्याला खातंच शोधायचंय.

तिसऱ्यात ‘परत केली’ने रक्कम मुळात अधिकाऱ्याचीच होती असा भास होतो. ती होती संस्थेची. ‘बिलाच्या रकमेतले दहा टक्के पुरवठादाराने खरेदी अधिकाऱ्याला मागल्या दाराने पोचवले.’ आणि ते दहा टक्के कशाचे, बिलाचे की नफ्याचे, हे मूळ पुस्तकात आधीच्या पानावर बघून घ्या. नफ्याचे असतील तर पहिले दोन शब्द बदलावे लागतील.